रेव्हरंड टिळक : फळ्यावरच्या एका नावाची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला आठवणी लिहायला सांगितले होते. पण शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगल्या लिहाल, याची मला खात्री आहे. वीस-बावीस वर्षे संगणकापुढे बसून काढल्यावर माझ्या मराठीला गंज चढला आहे. म्हणून मी एका माणसाची गोष्ट लिहायचे ठरवले. त्याचे नाव आपण सगळ्यांनी एकदा फळ्यावर पाहिले आहे.

१९९३ चे साल आठवा. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जनानंतरची ती रात्र. किल्लारी, सास्तूर आणि आपल्या भागातली कितीतरी गावे चार वाजायच्या आत जमीनदोस्त झाली. शाळा बरेच दिवस बंद होती. ती उघडली तेव्हा वर्गात काही बाक रिकामे होते, आणि काही नवीन मुले आली होती. ती कोणाशी फारशी बोलत नसत. त्या दिवसांत मराठीच्या बाईंनी एक कविता शिकवायला घेतली. ती पुस्तकात होती की बाईंनी आपणहून निवडली होती, ते आता आठवत नाही. जखमी झालेली पक्षीण तशीच घरट्याकडे येते, चोचीतला घास पिलांना भरवते आणि प्राण सोडते, अशी ती कविता. नाव ‘केवढे हे क्रौर्य!’. बाईंना ती शेवटपर्यंत वाचता आली नाही. त्यांनी पाठ फिरवून फळ्यावर कवीचे नाव लिहिले, रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि तास संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

कोणीतरी विचारले, रेव्हरंड म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आले, पाद्री. मग वर्गाने वळून आपल्या एका मैत्रिणीकडे पाहिले. तिच्या घरी नाताळ असायचा, हे सगळ्यांना माहीत होते. काही जण हसले. हसणाऱ्यांत मीही होते. तिने मान खाली घातली. कविता आपल्या सगळ्यांची होती, पण तेवढ्या एका शब्दापुरती आपण ती तिच्याकडे ढकलून दिली. त्यानंतर आपल्यापैकी कोणी तिला त्याविषयी काही विचारले नाही.

मोठेपणी टिळकांविषयी जसजसे वाचत गेले, तसतसा तो तास मला पुन्हापुन्हा आठवत गेला. म्हणून ही गोष्ट.

आधी एक घोटाळा दूर करते, कारण माझ्या ऑफिसातल्या मराठी मुलांचाही तो होतो. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही चित्पावन, आणि दोघांचा काळही एकच. लोकमान्य १८५६ ते १९२० आणि आपले हे कवी १८६१ ते १९१९. पण दोघांच्या वाटा फार वेगळ्या होत्या.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणात करजगाव इथला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने अतिशय कडक. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक आणि काव्याची आवड असलेली. मुलाचा सगळा ओढा आईकडे. ती गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा होता. त्यानंतर त्याचे घरात मन लागले नाही. तो नाशिकला गेला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. थोडेफार इंग्रजी शिक्षण झाले, पण पदवी वगैरे कधीच नाही. आपल्यासारख्या प्रमाणपत्रांच्या फायली सांभाळणाऱ्या लोकांना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे ज्याने पदवीधरांना शिकवले, त्याच्याकडे दाखवायला स्वतःचा एकही कागद नव्हता.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. मराठीत उत्तम आत्मचरित्रांची यादी कोणीही केली, तरी तिच्यात हे पुस्तक वर असते. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली तीही नवऱ्याच्या हट्टामुळे.

संसार मात्र सोपा नव्हता. टिळक एका जागी टिकत नसत. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा कुठल्या मासिकाचे संपादक. हातात पैसा आला की कोणालातरी देऊन टाकायचा. किराणा आणायला गेलेला माणूस भलतेच काही घेऊन परत यायचा, आणि कधीकधी घरी न सांगता गावच सोडून जायचा. लक्ष्मीबाईंनी हे सगळे इतक्या मोकळ्या विनोदाने लिहिले आहे, की वाचताना हसू येते आणि मग त्या बाईने काढलेले दिवस लक्षात येऊन गप्प व्हायला होते.

नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांना काही काळ स्थैर्य मिळाले. संस्कृत ग्रंथांचे काम होते, ‘ऋषी’ नावाचे मासिक होते. त्याच काळात त्यांच्या मनात एक विचार घोळत होता. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांनी आपला समाज पोखरला आहे, त्यावर उपाय म्हणून एक नवाच, कोणाला न वगळणारा धर्म काढावा असे त्यांना वाटे. देशावर प्रेम करणारा, पण देशातल्या माणसांच्या वागण्याने अस्वस्थ झालेला तो तरुण होता.

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरताना त्या माणसाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते मुळीच पटले नाही. पण पुस्तक वाचायचे त्यांनी कबूल केले होते, म्हणून ते वाचायला बसले. वाचतावाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. शत्रूवर प्रेम करा, मनाने दीन असणारे धन्य, ही शिकवण त्यांना सोडवेना. पुढची दोन वर्षे त्यांनी वाचन केले, पत्रव्यवहार केला आणि स्वतःशी झगडण्यात काढली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते, आणि मुलगा दत्तू चार वर्षांचासुद्धा पुरता नव्हता.

लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत असून संसार संपला. नातेवाइकांनी त्यांना आणि दत्तूला आपल्याकडे ठेवून घेतले, आणि त्यांचे बरेच दिवस पंढरपूरला बहिणीच्या घरी गेले. आपल्या भागातून दरवर्षी ज्या वाटेने दिंड्या जातात, त्या पंढरपुरात ही बाई विठोबाच्या देवळाशेजारी आपले दुःख उराशी धरून बसली होती. त्या दुःखातच त्यांनी पहिल्या कविता रचल्या. टिळक पत्रे पाठवत होते, मुलासाठी तळमळत होते, पण धर्म बदलायची जबरदस्ती करत नव्हते. दोघांमध्ये सुमारे पाच वर्षांचे अंतर पडले.

त्या पाच वर्षांत टिळक अहमदनगरला होते. आता त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. ते तिथे का गेले, हे समजायला मिशन शाळांचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसे मुंबईला पोचली १८१३ मध्ये. नगरला त्यांचे ठाणे पडले १८३१ मध्ये. शाळा हा त्यांच्या कामाचा पहिल्यापासूनचा भाग होता, आणि त्यातही मुलींच्या शाळा. सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या. पुढे १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या नगरला मुलींना शिकवत राहिल्या. त्यांची शाळा पाहूनच जोतिराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. तिकडे मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज उभे राहिले. बंगालमध्ये सेरामपूरचे कॉलेज १८१८ मध्येच निघाले होते. आपण ज्याला आधुनिक शिक्षण म्हणतो, त्याच्या पायाचे बरेच दगड या लोकांनी बसवले.

त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. त्यांनीही ते कधी लपवले नाही. पण एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. ज्या मुलांना गावच्या शाळेच्या उंबऱ्यावरही उभे राहू देत नव्हते, त्यांना या शाळांनी पाटी-पेन्सिल दिली. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. त्यांच्या मुलांना शिकवायला शिक्षक हवेत, मंडळ्या सांभाळायला पाळक हवेत. गावोगावी बऱ्याचदा एकच माणूस दोन्ही कामे करी. आठवडाभर मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवायचे, रविवारी उपासना चालवायची. अशी माणसे तयार करण्यासाठी नगरला १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची सेमिनरी निघाली. ती काढली रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी.

ह्यूमसाहेबांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच झाला. शिक्षण अमेरिकेत येल विद्यापीठात झाले आणि मग ते परत इकडे आले. १८८६ मध्ये अमेरिकेत रजेवर असताना त्यांनी एका भाषणात असे मत मांडले, की ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावच कधी पडले नाही, त्यांच्यासाठी देवाच्या दयेचे दार मृत्यूनंतरही बंद होत नसावे. इतक्या एका वाक्यावरून त्यांच्या मिशन मंडळात मोठा वाद पेटला आणि त्यांचे भारतात परतणे काही काळ रोखून धरले गेले. परतल्यावर हा माणूस आयुष्यभर सेमिनरी चालवत राहिला. दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारने त्यांना १९०१ मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिले. दुसऱ्याच्या धर्मातही देवाचा हात पाहणारा असा प्रमुख नसता, तर टिळकांसारखा माणूस त्या संस्थेत महिनाभरही टिकला नसता, असे मला वाटते.

टिळक या सेमिनरीत शिकवू लागले. कल्पना करून पाहा. संस्कृत कोळून प्यालेला एक चित्पावन ब्राह्मण, आणि समोर बसलेले विद्यार्थी खेड्यापाड्यांतले. त्यांच्यातल्या अनेकांची सावलीही त्याच्या घरच्यांनी अंगावर पडू दिली नसती. आता तो त्यांच्यासोबत बसत होता, त्यांच्या पंगतीला जेवत होता, आणि तुकोबा-ज्ञानोबांची भाषा हा तुमचाही वारसा आहे असे त्यांना शिकवत होता. टिळकांच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण टाकणे नव्हते. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती ते उघडपणे सांगत.

इकडे लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू वळत होते. मुलासाठी आणि नवऱ्यासाठी त्या अखेर नगरला आल्या. पण सोवळे सुटले नव्हते. त्या वेगळ्या राहत, वेगळे शिजवत, पाण्याला कोणाला हात लावू देत नसत. टिळकांनी ते सगळे सांभाळले. त्यांच्यासाठी वेगळी सोय केली, सोवळ्याची थट्टा केली नाही. नगरजवळ राहुरीला राहत असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला, की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत जशा वेगळ्या जाती दिसतात, तशी माणसामाणसांत काही खूण दिसली असती. या विचाराने त्यांचे सोवळे गळून पडले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, त्यांनी स्वतःच हिशेब मांडला आणि उत्तर काढले. १९०० मध्ये त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. १८९९-१९०० चा हा दुष्काळ आपल्याकडे छप्पन्नचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची रीघ लागली. टिळकांच्या घरातही परकी मुले राहू लागली. घर आधीच ओढग्रस्तीचे, त्यात ही भर. लक्ष्मीबाई रागावत, हिशेब करत आणि शेवटी पोरांना जेवू घालत. हे वाचताना मला १९९३ नंतरचे उमरगा आठवले. कितीतरी घरांत त्या वर्षी पाटावर एखादे अनोळखी मूल बसलेले असायचे, आणि आपल्या आया तशाच कुरकुरत, तशाच मायेने त्याच्या ताटात भाकरी वाढायच्या.

टिळकांनी मुलांवर, फुलांवर, पाखरांवर भरपूर लिहिले. ‘फुलामुलांचे कवी’ ही ओळख त्यांना तिथून मिळाली. ‘वनवासी फूल’ हे त्यांचे दीर्घकाव्य प्रसिद्ध आहे. देशभक्तीच्या कविताही त्यांनी लिहिल्या. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, हे त्यांना स्वतःच्या लोकांना आणि मिशनच्या लोकांना, दोघांनाही पटवून द्यावे लागत होते.

कवी घडवणे हाही त्यांचा एक उद्योग होता. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तिथे सतरा वर्षांच्या एका मुलाने आपली कविता म्हटली आणि सगळी सभा थक्क झाली. हा मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. टिळकांनी त्याला जवळ केले. तो त्यांच्या नगरच्या घरी मुलासारखा राहिला, रुसला, पळून गेला, परत आला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट कोणी घातली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा या दोघांना पोटचे मूल गेल्यासारखे झाले.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नावामागे लागलेले रेव्हरंड हे तिथून आले. आपल्या वर्गातल्या त्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. मंडळीने ज्याला धर्मसेवेसाठी रीतसर नेमले, त्याला लावायची ती आदराची उपाधी. आपण गुरुजी म्हणतो, महाराज म्हणतो, तसेच.

आता त्यांच्या भांडणाविषयी. टिळकांना मिशनविषयी कृतज्ञता होती, पण तिथल्या कारभाराने ते बेचैनही होते. पगार, घर, शाळा, दवाखाना, सगळे परदेशी पैशावर चालणार आणि निर्णय साहेब घेणार. अशाने इथला ख्रिस्ती माणूस कायम मिंधा राहील, असे त्यांना वाटे. प्रार्थनेची गाणीसुद्धा परक्या चालींवर. शेतात राबून आलेल्या माणसाच्या तोंडी ती बसत नसत. इथल्या ख्रिस्ती माणसाने टाळ-मृदंग हातात घ्यावा, अभंग, ओवी आणि भजन गावे, जमिनीवर मांडी घालून बसावे, आपल्या बापजाद्यांच्या भाषेत देवाशी बोलावे, यासाठी त्यांनी लेखणी झिजवली. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक नगरला १८४२ मध्ये सुरू झाले होते. त्याच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत टिळकांकडे होते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय ५५, घरात पैसा नाही, तब्येत खालावलेली. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा कोणीही तिथे येऊ शकत होता, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. तरुणपणी नागपुरात ज्या सर्वांना सामावणाऱ्या धर्माचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, तेच बहुधा आयुष्याच्या शेवटी वेगळ्या रूपात त्यांच्यापुढे आले होते. मिशनमधल्या जुन्या मित्रांना हे पचायला जड गेले. इकडे ब्राह्मण समाजाने तर त्यांना २२ वर्षांपूर्वीच बाहेर काढले होते. एका आयुष्यात दोन घरे सोडून हा माणूस तिसऱ्यांदा पाया खणायला बसला.

तिसऱ्या घरासाठी काळ फार थोडा उरला होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचे महाकाव्य अर्धवट राहिले. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते. पुढचे लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतले आणि ६४ अध्याय लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने त्याचे महाकाव्य जवळजवळ पूर्णत्वाला नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला. पंढरपूरला आईच्या पदराआड राहिलेला तो दत्तूच हा. एका घराने तीन हातांनी लिहिलेले असे दुसरे काव्य मराठीत मला माहीत नाही.

टिळकांचा दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. पण त्यांचे विचार टिकले. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. त्यात भारतीय आणि इंग्रज एकत्र, साध्या भारतीय पद्धतीने राहत. त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. नगरला १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. साहेबांच्या हाताखाली शिकणारा समाज आता स्वतः कॉलेज काढू लागला होता. टिळकांना हवे होते ते थोडेफार असेच काहीतरी असावे.

आता परत उमरग्याला येते.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. नगरच्या मिशनचे काम १८६० च्या दशकात सोलापूरपर्यंत पोचले होते, म्हणजे आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. आज हैदराबाद रस्त्याला लागले की दोन तासांच्या आत आपण तिथे पोचतो. तरीही आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत कोणती गाणी गातात, याची मला वयाच्या चाळिशीपर्यंत कल्पना नव्हती. नाताळची गाणी इंग्रजीच असणार, असे मी धरून चालले होते.

पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्यात त्याच मैत्रिणीची अचानक भेट झाली. ती आता शिक्षिका आहे. तिने मला नाताळात घरी बोलावले. तिथे बारा-पंधरा माणसे सतरंजीवर बसून, पेटी-तबल्यावर अभंग म्हणत होती. शब्द मराठी, चाल आपल्या देवळातली. मी विचारले, हे कोणाचे? ती हसली आणि म्हणाली, फळ्यावर नाव लिहिले होते की बाईंनी. म्हणजे तिलाही तो तास आठवत होता. मी त्या हसण्याबद्दल तिची माफी मागितली. तीस वर्षे उशीर झाला होता. तिने विषय बदलला आणि मला फराळाची ताटली दिली. करंज्या होत्या, आपल्याकडे असतात तशाच.

मी घर सोडून शहरात आले, भाषा बदलली, कामाची माणसे बदलली. आपल्यापैकी अनेकांचे हेच झाले. कोणी दुबईला आहे, कोणी हैदराबादला, कोणी गावातच राहून पूर्ण बदलले आहे. घर सोडल्यावर माणूस घरचा राहतो का, हा प्रश्न मला कधीकधी पडतो. टिळकांनी जात सोडली, धर्म बदलला, शेवटी मिशनही सोडले. पण ज्या भाषेत आईने त्यांना झोपवले, तिला ते शेवटपर्यंत सोडून गेले नाहीत. म्हणूनच भूकंपानंतरच्या वर्गात, ज्या मुलांची आई ढिगाऱ्याखाली गेली होती त्यांच्यासमोर, बाईंना त्यांचीच कविता वाचावीशी वाटली असावी.

बाई, हा लेख तुमच्या वाचनात आला तर एक सांगायचे आहे. ती कविता तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. मेळाव्याला आलात, तर आम्ही ती तुमच्यासमोर शेवटपर्यंत म्हणून दाखवू. आणि सुरुवात करण्याचा मान आपल्या त्या मैत्रिणीला द्यावा, अशी माझी वर्गातल्या सगळ्यांना विनंती आहे.

मेळाव्यात भेटूच.